डोकं दुखलं तर सांगू का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका तिशीच्या उंबरठ्यावर आहेत, नोकरी बैठी. कॉलेजपासून एकत्र असलेल्या पाच जणांनी पुढच्या महिन्यात एका उंच डोंगरावर एक मुक्कामाचा ट्रेक ठरवला आहे. पाचांत दोघी जणी. सकाळी सखल भागातून गाडीनं १,९०० मीटरवरच्या पायथ्याला जायचं, तिथून सॅक पाठीवर घेऊन नऊ किलोमीटर चालत २,९०० मीटरवर तंबू ठोकायचे, पहाटे अंधारात निघून ३,४०० मीटरचा माथा गाठायचा आणि त्याच दिवशी गाडीपर्यंत उतरायचं. बाकीचे चौघे रोज पळणारे. पुढाकार घेणारा मित्र म्हणतो, "तीन तासांत मुक्कामाला पोचू. तू फक्त चल, बाकीचं आम्ही बघतो." लेखिका तंबूत कधीच झोपलेल्या नाहीत, चढावर त्यांना लवकर दम लागतो. त्या लिहितात: "माझ्यामुळे सगळ्यांच्या आनंदावर विरजण पडेल अशी धास्ती वाटते. काहीतरी निमित्त सांगून गळावं, की निमूटपणे रेटत राहावं? रात्री तंबूबाहेर जायची वेळ आली तर काय करायचं, हे विचारायलाही लाज वाटते. आणि वर डोकं दुखायला लागलं तर सांगू, की सहन करू?"

शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बाकीच्या गोष्टींवर विचार करायला तुमच्याकडे महिना आहे, पण याचं उत्तर घरातून निघतानाच पक्कं असायला हवं. हो, सांगायचं. दुखायला लागल्या लागल्या सांगायचं आणि सगळ्यांना सांगायचं.

कारण नीट समजून घ्या. उंचावर हवेतला ऑक्सिजनचा वाटा कमी होत नाही, तो २१ टक्केच राहतो. कमी होतो तो हवेचा दाब. २,९०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. साधारण २,५०० मीटरच्या वर घाईनं जाऊन झोपलं की काहींना विरळ हवा बाधते: डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, गळून जाणं, गरगरणं. ही डोकेदुखी बहुतेक वेळा चढताना येतच नाही. वर पोचल्यावर सहा ते बारा तासांत येते. तुमच्या बेतात ती वेळ कोणती, ते बघा. तंबू लागलेले, अंधार पडलेला, गजर पहाटे तीनचा, सगळे आपापल्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरलेले. दिवसभर "मी मागे पडले" हा सल मनात आहे आणि रात्री अकराला कपाळ ठणकायला लागतं. त्या घडीला "आता कुणाला उठवू?" असं तुम्हाला वाटणारच. म्हणूनच हा निर्णय त्या घडीवर सोडायचा नाही. तो आत्ता, दिवसाउजेडी, चौघांसमोर बोलून घ्यायचा.

डोकं दुखलं म्हणजे ट्रेक संपला असं नाही. हलकं दुखत असेल तर तिथंच थांबायचं, आणखी वर जायचं नाही, पाणी प्यायचं, थोडं खायचं, डॉक्टरांनी चालेल म्हटलेली साधी वेदनाशामक गोळी घ्यायची. सकाळी पूर्ण बरं वाटलं तर पुढं जाता येतं. वाढत गेलं तर उतरायचं. बऱ्याचदा ३०० ते १,००० मीटर खाली आलं की आराम पडतो. मात्र कुणाचा तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर उजाडण्याची वाट पाहायची नाही. ही मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची लक्षणं असू शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. शंका आली तर एका सरळ रेषेत, टाचेला बोटं लावत चालायला सांगा. एरवी सहज जमणारं हे चालणं जमत नसेल तर त्या माणसाला सोबत घेऊन लगेच खाली निघायचं. एकट्याला पाठवायचं नाही, आणि "तू झोप, आम्ही माथा करून येतो" म्हणत तंबूत एकटं ठेवायचं तर अजिबात नाही.

आता पत्रातली मला न पटलेली गोष्ट. या गटातली कच्ची कडी आपण आहोत, हे तुम्ही एकदाही न तपासता मान्य करून टाकलं आहे. रोज पळणाऱ्या माणसाला चढावर दम कमी लागेल, पाय कमी दुखतील, हे खरं. पण विरळ हवा कुणाला बाधेल हे त्याच्या दमसासावरून सांगता येत नाही. व्यायामानं तिच्यापासून संरक्षण मिळत नाही. उलट धडधाकट माणूस वेगानं वर जातो, शरीराला सवय व्हायला वेळच देत नाही आणि त्रास झाला तरी कबूल करायला जड जातं. त्या रात्री डोकं धरून बसणारा तुमचा सगळ्यात वेगवान मित्रही असू शकतो. त्याला ते मोकळेपणानं सांगता यावं, अशी हवा तुमच्या गटात आहे का? मला विचाराल तर या बेतातला खरा धोका तुमच्या संथ पायांत नाही. पाचही जणांनी एकमेकांशी जे बोलायला हवं होतं ते कुणीच बोललेलं नाही, धोका त्यात आहे.

"तीन तासांत पोचू" हेच घ्या. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. तुमच्या वाटेला लावून बघा. नऊ किलोमीटरचे पावणेदोन तास, हजार मीटर चढाचे पावणेदोन तासांच्या जरा आतले, मिळून साडेतीन. यात विश्रांती धरलेली नाही, पाठीवरचं मुक्कामाचं ओझं नाही, विरळ हवा नाही, वाट चुकणं नाही. पहिल्यांदाच मुक्कामी जाणाऱ्या गटानं त्याचे साडेपाच-सहा तास धरावेत. म्हणजे तुम्ही सहा तासांत पोचलात तर तुम्ही उशीर केला असं होत नाही. अंदाज चुकला होता. कुणाशी वाद घालू नका, हा हिशेब कागदावर करून मित्राला दाखवा. सकाळी किती वाजता चालायला लागलं तर उजेड असेतो तंबू उभे राहतील, हे त्यावरून ठरवता येईल. दुपारनंतर ढग जमण्याचा हंगाम असेल तर ते आणखी महत्त्वाचं, कारण उघड्या धारेवर विजेच्या कडकडाटात सापडण्यासारखी वाईट जागा नाही.

निमित्त सांगून गळणं मला पसंत नाही. जायचं नसेल तर नाही म्हणायला तुम्ही मोकळ्या आहात, त्यासाठी खोटं आजारपण कशाला? शिवाय तुमचं पत्र वाचताना तुम्हाला जायचंच नाही असं मला कुठंही वाटलं नाही. तुम्हाला ओझं व्हायचं नाही, एवढंच त्यात आहे. ही फार वेगळी गोष्ट आहे. निमूटपणे रेटणं तर त्याहून वाईट. तुम्ही दम, वेदना, थंडी लपवलीत की गट चुकीच्या माहितीवर निर्णय घेतो. त्यांना वाटतं सगळं ठीक आहे, आणि तुम्ही तासाभरानं खरोखरच चालू शकत नाही, तेव्हा अंधार पडलेला असतो. त्यांचा आनंद राखायला म्हणून तुम्ही गप्प बसाल आणि त्यांच्या हातून वेळेवर काही करायची संधी काढून घ्याल.

तिसरा रस्ता आहे: जायचं, पण बेत बदलून. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सोपा बदल म्हणजे आदल्या संध्याकाळीच १,९०० मीटरवर पोचून तिथं एक रात्र झोपायचं. सखल भागातून निघून त्याच रात्री २,९०० मीटरवर झोपणं ही उडी मोठी आहे. मधली एक रात्र ती उडी दोन पायऱ्यांत वाटते, आणि सकाळी लवकर चालायलाही लागता येतं. याचा फायदा पाचांनाही आहे, त्यामुळे तो "माझ्यासाठी" म्हणून मागायची गरज नाही. सुट्टीचा एक दिवस जास्त जाईल, पण तो वसूल होतो. रजाच मिळत नसेल तर मुक्काम २,५०० मीटरच्या आसपास, सपाट जागा आणि पाणी असेल तिथं घ्या. मग माथा लांब पडेल, कदाचित होणारही नाही. तरीही रात्र डोंगरावरच झालेली असेल. उंचीवर लवकर सवय व्हावी म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचं औषध देतात. ते हवं की नको हे डॉक्टरांनाच विचारा, मित्राच्या पाकिटातून घेऊ नका.

या महिन्यात काय करायचं? पळायला लागू नका, उगाच गुडघे धरतील. आठवड्यातून दोन-तीनदा भरलेली सॅक पाठीवर टाकून जिने किंवा चढ चढा, आणि उतरण्याचीही तेवढीच सवय करा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला माथ्यापासून गाडीपर्यंत पंधराशे मीटर उतरायचं आहे. पहिल्यांदा जाणारे चढणीला घाबरतात, पण मांड्या थरथरतात आणि पाय घसरतात ते उतरताना. बूट नवे असतील तर आजपासून घाला. चालताना टाचेवर किंवा बोटाला चुरचुर जाणवली की तिथंच थांबून चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर नाही. "पुढच्या थांब्याला बघू" म्हणून चुरचुर अंगावर काढणारे लोक मी खूप पाहिले आहेत. त्यांचा दुसरा दिवस फार लांबतो.

आणि तंबूत एक रात्र आधी झोपून बघा. उंचावर जायची गरज नाही, गच्ची किंवा अंगणही चालेल. तंबू अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात उभा करा. कुठली काठी कुठल्या खिशात जाते, खुंट्या किती आहेत, स्लीपिंग बॅगची चेन कुठं अडकते, हे घराजवळ कळलं तर हसू येतं. वर वारा सुटलेला असताना कळलं तर बोटं बधिर होतात.

सॅकच्या वजनाबद्दल एक ढोबळ आकडा धरतात: आपल्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत. तुमचं वजन ५५ किलो असेल तर ११ किलो, आणि त्यात पाणी आलं, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. पाचही सॅक निघायच्या आधी काट्यावर ठेवा. तंबू, स्टोव्ह, इंधन, भांडी हे सामायिक सामान समान वाटायचं नसतं, झेपेल तसं वाटायचं असतं. रोज पळणाऱ्यानं तुमच्या वाटचा तंबू उचलला तर त्यानं तुमच्यावर उपकार केले असं होत नाही. सगळा गट एकसारख्या चालीनं चालावा म्हणून ती केलेली वाटणी असते. वजन कमी करण्याच्या नादात उबेचे कपडे मात्र घरी ठेवू नका. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी पहाटे दहा अंश असले तर माथ्यावर शून्याच्या आसपास असतील, आणि वारा त्यापेक्षाही गार वाटेल. अंगाला लागून सुती कपडा नको, तो घामानं भिजला की वाळत नाही आणि थांबल्याक्षणी हुडहुडी भरते. घाम टिपणारा पातळ थर, वर उबेचा, सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारा. निघताना थोडी थंडी वाजत असतानाच निघायचं, दहा मिनिटांत अंग तापतं.

आता रात्र. पत्रात तुम्ही त्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे, पण खरी भीती तिथंच दडली असावी असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंचावर पहिल्या रात्री गाढ झोप लागत नाही, बहुतेकांना नाही. झोपेत श्वास जोरात चालतो, मग मंदावतो, काही सेकंद थांबतो, आणि दचकून जाग येते. शेजारच्याचा श्वास असा थांबलेला ऐकला की काळजात धस्स होतं. उंचीवर हे नेहमी दिसतं आणि एवढ्यानं आजारी आहोत असं होत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही त्या रात्री टाळा, त्यांनी श्वास आणखी मंदावतो. लघवीलाही नेहमीपेक्षा जास्त वेळा लागते. उंचीशी जुळवून घेताना शरीर हे करतंच. त्यामुळे रात्री बाहेर जावं लागणार हे धरूनच चला, आणि त्या भीतीनं पाणी पिणं कमी करू नका, ते त्रासाला आमंत्रण आहे. उजेड असतानाच तंबूपासून एक सोपी, सपाट, कड्यापासून दूरची जागा बघून ठेवा आणि तिथवरची वाट एकदा चालून या. हेडटॉर्च उशाशी, बूट तंबूच्या दाराशी तोंड बाहेर करून. गटातल्या दुसऱ्या मैत्रिणीशी आधीच ठरवा: जिला जायचं असेल तिनं दुसरीला हलकेच हाक मारायची. तिलाही हाच प्रश्न पडलेला असणार, आणि तीही कुणी विचारायची वाट बघत असेल. शौचाला पाण्यापासून साठेक मीटर लांब जायचं, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करून तो नीट बुजवायचा. त्यासाठी लहान खुरपं लागतं, ते यादीत लिहा. वापरलेला कागद आणि सॅनिटरी पॅड बंद पिशवीत घालून परत आणायचे. पाळी त्या दिवसांत येणार असेल तर ती काही ट्रेक न करण्याची सबब नाही, दोन पिशव्या जास्त घ्या.

थंडी खालून लागते, हे पहिल्या रात्रीशिवाय पटत नाही. आपल्या भारानं स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दबतो आणि जमीन ऊब शोषून घेते, म्हणून चांगली मॅट ही दुसऱ्या पांघरुणापेक्षा कामाची. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात. त्यातलं 'कम्फर्ट'चं बघून घ्या. 'लिमिट'च्या तापमानाला रात्र फक्त निभते. झोपण्याआधी थोडं खा, दिवसभराचे ओलसर मोजे बदलून कोरडे घाला, बाटलीत गरम पाणी भरून झाकण दोनदा तपासून पायाशी घ्या. मोबाइल आणि जादा बॅटऱ्या आत, अंगाशी ठेवा, गारठ्यात त्या झटकन उतरतात. २,९०० मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे शिजायला वेळ आणि इंधन जास्त लागतं. इंधन त्या हिशेबानं न्या. कितीही गारठा असला तरी स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही. आगीचा धोका आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. तंबूची हवेची फट उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

राहिलं मित्रांशी बोलणं. फोनवर एकेकाला नको, पाचही जण समोर बसा. सुरुवात माफीनं करू नका. असं म्हणून बघा: "मला यायचं आहे. मी चढावर संथ आहे आणि तंबूत कधी झोपलेले नाही, तेव्हा काही गोष्टी आधी ठरवून घेऊ." मग विचारा. पहाटे कुठल्या वेळेला, माथा कितीही जवळ दिसत असला तरी, मागं फिरायचं? शेवटून कोण चालेल, म्हणजे शेवटचा माणूस कधीच एकटा नसेल? एकाला उतरावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण उतरेल, आणि त्यात त्याचा माथा गेला तर ते त्याला चालणार आहे का? प्रथमोपचाराची पेटी कुणाच्या सॅकमध्ये, आणि त्यात काय आहे हे आणखी कुणाला माहीत आहे? हे शेवटचे दोन प्रश्न फार गट विचारतच नाहीत. चाल संथ माणसाची ठेवायची, हेही तेव्हाच ठरवा. वेगवान मंडळी पुढं जाऊन वळणावर थांबतात आणि मागचा धापा टाकत पोचला की लगेच उठून चालू लागतात, त्यामुळे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. तुम्ही पोचल्यावर पाच मिनिटं सगळ्यांनी थांबायचं. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग, याहून वेगळं माप लागत नाही.

माझा अंदाज आहे की तुमच्या प्रश्नांनी दोघा-तिघांना सुटल्यासारखं वाटेल. पळणाऱ्यांपैकी तंबूत झोपलेलं कितीजण आहेत, हे पत्रात नाही. तेही विचारा. पण समजा त्यांनी हसण्यावारी नेलं, "एवढं काय त्यात" म्हणाले आणि बेत तसाच ठेवला, तर या खेपेला जाऊ नका. कारण खरं सांगा: या पद्धतीनं जायला मला सुरक्षित वाटत नाही. मैत्री तुटायचं कारण नाही, एका दिवसाच्या ट्रेकला त्यांच्याबरोबर जरूर जा. रात्री कपाळ ठणकत असताना ज्यांना उठवायचा संकोच वाटेल, त्यांच्याबरोबर मात्र २,९०० मीटरवर झोपू नका.

बेत ठरला तर डोंगराखाली राहणाऱ्या एका विश्वासू माणसाकडे कागद देऊन जा: कुठली वाट, मुक्काम कुठं, पाचांची नावं, परतीची वेळ, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून स्थानिक बचावपथकाला किंवा पोलिसांना कळवायचं. रेंज जाणार हे धरून चाला. शिट्टी किंवा टॉर्चनं मदत मागायची खूण मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटात तीन वेळा उत्तर देतो. पाचांच्याही गळ्यात शिट्टी असू द्या, आणि ही खूण पाचांनाही पाठ असू द्या.